घर बघायचं ते गुरुवारी

पहिला फ्लॅट आम्ही पाहिला तो जूनमधल्या एका रविवारी, सकाळी अकराला. वेळ एजंटनं ठरवलेली. धायरीतली सात-आठ वर्षांची इमारत, सातवा मजला, दोन बेडरूम. दार उघडल्याबरोबर समोरच्या बाल्कनीतून सिंहगड दिसला, टीव्हीच्या मनोऱ्यासकट. माझी भाची सरळ बाल्कनीत गेली आणि कठड्यावर हात ठेवून उभी राहिली. लहानपणी वडिलांचं बोट धरून हाच गड चढलेली मुलगी. स्वयंपाकघर बघायच्या आधीच तिचं मन तिथं बसलं, हे मला तिच्या पाठमोऱ्या उभं राहण्यावरूनच कळलं.

या लेखासाठी संपादकांनी ‘घर’ हा विषय दिला तेव्हा बजावलं होतं, घराच्या आठवणी नकोत. माणसं घर निवडतात कशी, ते जाऊन बघा. भाची आणि जावई त्याच सुमारास सिंहगड रस्त्यावर 75 लाखांपर्यंतचं घर शोधत होते. पावसाळाभर मी त्यांच्याबरोबर हिंडले.

त्या पहिल्या फ्लॅटमध्ये जावयानं नळ सोडून पाहिला. पाणी धो धो आलं. “पाण्याचं टेन्शनच नाही सर,” एजंट म्हणाला. खाली उतरलो. फाटकाशेजारी इस्त्रीवाल्याची टपरी होती. भाचीनं सहज विचारलं, “दादा, इथं पाणी कसं आहे?” त्यानं इस्त्री बाजूला उभी केली आणि म्हणाला, “ताई, आज रविवार. टाकी भरलेली असणार. गुरुवारी या.”

घर बघायची वेळ विकणारा ठरवतो. ती घेणाऱ्यानं ठरवायला हवी, हे मला त्या माणसानं शिकवलं.

गुरुवार दुपार, शुक्रवार सकाळ

पुणेकरांना गुरुवारचं वेगळं सांगायला नको. जलकेंद्रांची दुरुस्ती असेल तर महापालिका पाणी बंद ठेवते ते बहुधा गुरुवारी. महावितरणची देखभालीची कामंही गुरुवारीच निघतात. आणि शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा, कमी दाबानं येईल, ही ओळ तर इथल्या वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं छापून येते. म्हणजे इमारतीची खरी परीक्षा आठवड्यातल्या त्या दीड दिवसात होते.

पाणी बंद असल्याची बातमी वाचून पुढच्याच गुरुवारी दुपारी तीनला आम्ही पुन्हा त्या इमारतीत गेलो, एजंटला न कळवता. फाटकातून टँकर मागं घेत होते. जाड पाइप जमिनीखालच्या टाकीत सोडलेला, भोवती चिखल. वीजही नव्हती. दोन लिफ्टपैकी एकच जनरेटरवर चालत होती आणि तिच्यासमोर भाजीच्या पिशव्या, दप्तरं आणि काठी टेकलेले एक आजोबा, अशी रांग. जावयाची आई त्यांच्याबरोबर राहणार आहे, गुडघे दुखतात तिचे. तो काही न बोलता त्या रांगेकडे बघत होता.

वॉचमनकडे टँकरची वही होती. तारीख, गाडीचा नंबर, वेळ, सही. एका आठवड्याला एक पान पुरत नव्हतं. “हे गुरुवारचंच का?” मी विचारलं. “नाही ताई, हे रोजचं. गुरुवारी दोन जास्त.”

यामागचा हिशेब सोपा आहे आणि प्रत्येकानं घरी बसून करण्यासारखा आहे. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला 135 लिटर हा मापदंड धरतात. 100 फ्लॅटची सोसायटी, घरटी चार माणसं, म्हणजे रोज 54,000 लिटर. 10,000 लिटरचा टँकर धरला तर रोजचे साडेपाच. महापालिकेची लाइन यातलं किती भागवते, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर नळ सोडून मिळत नाही. ते सोसायटीच्या वार्षिक जमाखर्चात, ‘पाणी’ आणि ‘टँकर’ या दोन ओळींत मिळतं. आम्ही पुढं प्रत्येक सोसायटीत मागच्या तीन वर्षांचा जमाखर्च मागितला. काहींनी लगेच दिला. काही ठिकाणी सेक्रेटरींचा चेहरा उतरला. एकांनी तर स्वच्छ सांगितलं, “अहो, हे बाहेर गेलं की आमच्या घरांचे भाव पडतात.”

खडकवासल्याची भिंत इथून गाडीनं काही मिनिटांवर, वडगावचं जलशुद्धीकरण केंद्र तर जवळजवळ हाकेच्या अंतरावर. तरी टँकर का? धायरीचा उरलेला भाग 2017 साली इतर गावांबरोबर महापालिकेत आला. नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावं 2021 साली. इमारती त्याआधीच उभ्या राहू लागल्या होत्या. मोठ्या जलवाहिन्या आणि साठवण टाक्या मागून येतात, आणि यायला वर्षं लागतात. अशा भागात पालिकेचं पाणी मिळेपर्यंत पाणी बिल्डर देईल, असं हमीपत्र परवानगीच्या वेळी घेतलं जातं. इमारत सोसायटीच्या ताब्यात गेली की त्या हमीपत्राचं काय होतं, हे टँकरची बिलं भरणाऱ्या कुठल्याही खजिनदाराला विचारा.

प्रश्न पैशांपुरताही नाही. जानेवारी 2025 मध्ये जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले ते मुख्यतः याच पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरीच्या बाजूला, आणि संशयाचं बोट पाण्याकडे वळलं. त्यानंतर टँकरच्या पाण्यात क्लोरिन आहे का, हे तपासायची वेळ आली. टँकर कुठल्या विहिरीवर भरतो, हा प्रश्न म्हणून आम्ही चालकालाच विचारत असू. ते सांगतात. त्यांना लपवण्यासारखं काही नसतं.

शुक्रवारी सकाळी सातला भाची एकटीच गेली आणि सातव्या मजल्यावर, शेजारच्या काकूंच्या दारात उभी राहिली. काकूंनी स्वयंपाकघरातला नळ सोडला. आधी नुसती हवा आली, मग करंगळीएवढी धार. ती परत आली तेव्हा गडाबद्दल काही बोलली नाही.

मोजपट्टी

मोजपट्टीचं थोडक्यात सांगते. रेरा कायद्यानं 2017 पासून घर चटई क्षेत्रावर विकायचं बंधन घातलं. भिंतींच्या आतली वापरायची जागा, त्यात घरातल्या आतल्या भिंती धरायच्या. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी, गच्ची धरायची नाही. पण जुन्या फ्लॅटचे व्यवहार आजही ‘सेलेबल’वर, म्हणजे जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागेचा वाटा धरून काढलेल्या क्षेत्रावर, बोलले जातात. तो धायरीचा फ्लॅट एजंटच्या तोंडी ‘एक हजार साठ’ होता. कागदावर चटई क्षेत्र 68 चौरस मीटर, म्हणजे 732 चौरस फूट. 75 लाखांना सेलेबलवर दर पडतो 7,075 रुपये; चटईवर तोच 10,246 होतो. दोन घरांची तुलना करायची तर दोन्हींचा चटईवरचा दर काढा, नाहीतर स्वस्त घर महाग आणि महाग घर स्वस्त वाटत राहतं.

आणि पट्टी खिशात ठेवा. आपला पलंग, कपाट, फ्रिज, शिलाई मशीन आधी घरी मोजायचं, मग तिथली भिंत. नव्या प्रकल्पातल्या नमुना घरात पलंगही त्या खोलीसाठीच करून घेतलेला असतो, बरेचदा खोल्यांना दारंच नसतात. दार लावलं की ते उघडणार कुठं, हे भिंतीला पट्टी लावल्याशिवाय लक्षात येत नाही. गाडीचंही तेच. जावई आपली गाडी घेऊन जायचा आणि दाखवलेल्या जागेत लावून, दार उघडून उतरून बघायचा. दोन ठिकाणी त्याला उतरता आलं नाही.

नदी आणि कालवा यांच्या मधोमध

सिंहगड रस्त्याचा नकाशा उघडला की एक गोष्ट डोळ्यांत भरते. एका अंगाला मुठा नदी, दुसऱ्या अंगाला उजवा मुठा कालवा, आणि दोन्हींच्या मध्ये लांबच लांब पसरलेली वस्ती. वर धरणांची साखळी: टेमघर, वरसगाव, पानशेत आणि सगळ्यांत खाली खडकवासला. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं ते पुण्याच्या आजीआजोबांच्या बोलण्यात अजून आहे. पण घर घेणाऱ्यानं अलीकडच्या तारखा लक्षात ठेवायला हव्यात. 27 सप्टेंबर 2018 ला दांडेकर पुलाजवळ कालव्याची भिंत फुटली आणि भरदिवसा, ऊन असताना, घरांत पाणी शिरलं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्यानं काठच्या सोसायट्यांच्या सीमाभिंती पाडल्या, गाड्या वाहून नेल्या, माणसं गेली. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून सुमारे 35 हजार क्युसेक पाणी सोडलं गेलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांना बोटीतून बाहेर काढावं लागलं. लष्कराची मदत घ्यावी लागली.

एकतानगरीच्या बाजूला आम्ही एक घर पाहिलं. किंमत आजूबाजूच्या मानानं बरीच कमी, रंग ताजा, तळमजल्याच्या भिंतीसुद्धा नुकत्या रंगवलेल्या. ऐन पावसाळ्यात कुणी बाहेरून रंग काढत नाही, म्हणून मी इमारतीच्या मागं गेले. मागची भिंत रंगवायची राहिली होती. तिथं माझ्या खांद्याच्या वर एक मातकट रेघ होती, पट्टीनं ओढल्यासारखी सरळ. विजेच्या मीटरचे बोर्ड मात्र नवे होते आणि पहिल्या मजल्याच्या जिन्यावर हलवलेले. इमारतीनं जे भोगलं ते त्या बोर्डांच्या उंचीत लिहिलेलं होतं.

जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. विकास आराखड्याच्या नकाशावर या रेषा असतात. आपला सर्व्हे नंबर घेऊन महापालिकेच्या बांधकाम विभागात झोन दाखला मागितला की घराची जमीन कुठल्या झोनमध्ये आहे, तिच्यावर कसलं आरक्षण आहे, हेही कळतं. ओढ्यांचं मात्र नकाशावर भागत नाही. कित्येक ओढे पाइपात घातलेत, वळवलेत, त्यांच्यावर रस्ते झालेत. त्यासाठी मोठा पाऊस पडून गेल्यावर तासाभरात तिथं जायचं. पाणी रस्त्यावर कुठून येतं आणि कुठं साठतं, हे तेवढ्या एका फेरीत दिसतं.

झोन दाखल्यानं आमचं आणखी एक काम केलं. धायरीच्या त्या बाल्कनीसमोर मोकळा प्लॉट होता. “तिथं गार्डन होणार आहे मॅडम,” असं एजंट म्हणाला होता. दाखल्यात तो निवासी झोन निघाला, कसलंही आरक्षण नाही. तिथं उद्या इमारत उभी राहिली तर सिंहगड दिसणार नाही, आणि कुणाकडे तक्रारही करता येणार नाही. गडाच्या नजाऱ्यासाठी माझी भाची जे जास्तीचे पैसे द्यायला निघाली होती, त्याला कागदावर कुठलाच आधार नव्हता.

कागद

कागदांची भीती वाटते म्हणून माणसं ते वकिलाकडे सोपवून मोकळी होतात. वकील हवाच, जागेचा 30 वर्षांचा सर्च त्यानंच घ्यावा. पण काही गोष्टी स्वतः वाचण्याइतक्या सोप्या आहेत. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशा, बांधकाम सुरू करण्याचा दाखला, भोगवटापत्र, सूची क्रमांक दोन. नकाशा हातात घेऊन इमारतीभोवती फिरायचं. नकाशात पार्किंग आणि समोर दुकान, असं आम्हाला एका ठिकाणी दिसलं. सर्वोच्च न्यायालयानं 2010 सालीच सांगितलंय, स्टिल्टमधलं पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही. तरीही जुन्या व्यवहारांत ‘पार्किंगचे वेगळे’ ऐकायला मिळतंच.

एक गैरसमज फार महाग पडतो. दस्त नोंदला गेला, म्हणजे इमारत अधिकृत आहे, असं अनेकांना वाटतं. नोंदणी कार्यालय दस्त नोंदवतं. इमारतीला परवानगी आहे की नाही याची ती हमी नसते. फार काय, रेरा क्रमांक छापलेला असणंही पुरेसं नाही. कल्याण-डोंबिवलीतल्या 65 इमारतींनी बनावट परवानग्यांच्या आधारावर रेरा नोंदणी मिळवली होती. उच्च न्यायालयानं 2024 साली त्या पाडायचा आदेश दिला. त्यांत कर्ज काढून राहायला आलेली कुटुंबं होती. म्हणून क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर टाकून तिथले कागद बघायचे, आणि परवानगीचा क्रमांक ज्या पालिकेनं दिला तिथं जाऊन तपासायचा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. चालू बांधकामात करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हेही कायद्यानं आपल्या बाजूनं ठेवलेलं आहे.

वरचा खर्च आधीच मांडून ठेवावा. 75 लाखांच्या घराला पुण्यात मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे सव्वापाच लाख, आणि नोंदणी फी 30,000. खरेदी केवळ महिलेच्या नावे असेल तर शुल्कात एक टक्का सूट. चालू बांधकाम असेल तर 5 टक्के जीएसटी, पावणेचार लाख. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला जीएसटी नाही. भाची-जावयानं तयार घराकडे वळायचं ठरवलं, त्यात या पावणेचार लाखांचा वाटा मोठा होता.

संध्याकाळी साडेसहा

जावयाचं ऑफिस हिंजवडीला, भाचीची शाळा टिळक रस्त्यावर. सिंहगड रस्त्यावरचा उड्डाणपूल टप्प्याटप्प्यानं खुला झाला, त्यानं शहराकडची वाट बरीच हलकी झाली आहे. हिंजवडीची वाट मात्र नवले पुलावरून जाते. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून येणारा तो लांब उतार, ब्रेक निकामी झालेले मालट्रक; नोव्हेंबर 2022 मध्ये तिथं एका वाहनानं 48 गाड्यांना ठोकर दिली होती. धायरीचं घर घेतलं तर रोज तो पूल दोनदा ओलांडायचा होता.

त्यांनी एक शहाणपणाचं काम केलं. आठवडाभर, जणू त्या घरात राहातच असल्यासारखे, ते सकाळी धायरी फाट्यावरून निघाले आणि संध्याकाळी तिथंच परतले. भाची पीएमपीच्या बसनंही गेली. त्याच आठवड्यात त्यांना कळलं की मागच्या गल्लीत मंगल कार्यालय आहे आणि लग्नतिथीला रात्री ढोल-डीजे चालतो. सकाळी सहाला कचऱ्याच्या गाड्या कुठं जमतात, दुधाचं दुकान किती लांब, चढ किती, फुटपाथ आहे का, जावयाची आई एकटी देवळात जाऊ शकेल का. हे सगळं चालून कळलं.

चौथ्या मजल्यावरचं घर

ऑगस्टमध्ये आनंदनगरच्या बाजूला, मुख्य रस्त्याच्या आत, 20 वर्षांच्या इमारतीत एक घर पाहिलं. चार मजले, 24 बिऱ्हाडं. बाल्कनीतून समोरच्या इमारतीचे वाळत घातलेले कपडे दिसतात. गड दिसत नाही.

तळमजल्यावर राहणाऱ्या काकू अंगणात तुळशीला पाणी घालत होत्या. भाचीनं विचारलं तशा त्या कळशी खाली ठेवून बोलायला लागल्या. पालिकेचं पाणी सकाळी येतं, पुरतं. उन्हाळ्यात महिन्याला चार-पाच टँकर लागतात. 2024 च्या पावसात पाणी इथपर्यंत आलं नव्हतं, पलीकडच्या चौकापर्यंत होतं. लिफ्ट जुनी आहे, यंदा बदलायचा ठराव झालाय, तुम्हालाही वर्गणी पडेल. “आणि बाळा, त्या चौथ्या मजल्यावर बाथरूमच्या छतातून गळतं. मालक सांगणार नाहीत, पण तू वर हात लावून बघ.”

भाचीनं स्टुलावर चढून हात लावला. ताज्या रंगाखाली प्लास्टर मऊ लागलं.

सेक्रेटरींनी फाइल टेबलावर ठेवली. तीन वर्षांचा जमाखर्च, सभांची इतिवृत्तं, भोगवटापत्र, आणि मानीव अभिहस्तांतरणाचा जिल्हा उपनिबंधकांचा आदेश. बिल्डरनं जमीन सोसायटीच्या नावे करून दिली नव्हती. या 24 कुटुंबांनी कायद्याचा आधार घेऊन ती करून घेतली. पुढंमागं पुनर्विकास झाला तर जमिनीचे मालक म्हणून हीच कुटुंबं टेबलावर बसतील. पुण्या-मुंबईतल्या असंख्य सोसायट्यांनी हे काम आजही केलेलं नाही. माझ्या मते जुनं घर घेताना फरशी आणि ओटा बघण्याआधी हा एक आदेश आहे का ते विचारावं.

गळतीचा खर्च किमतीतून वळता केला. गुरुवारी दुपारी आणि शुक्रवारी सकाळी घर पुन्हा पाहिलं. सप्टेंबरात विसार दिला आणि खरेदीखत झालं.

धायरीचा इस्त्रीवाला, वही दाखवणारा वॉचमन, टँकरचा चालक, तुळशीपाशी उभ्या असलेल्या काकू: यांतल्या कुणालाही आमच्या खरेदीतून एक पैसा मिळणार नव्हता. उलट खरं सांगून काकूंनी आपल्याच सोसायटीतल्या घराचा भाव थोडा उतरवला. दिवाळीच्या सुट्टीत पुष्कळ कुटुंबं घरं बघायला बाहेर पडतील. तुमच्या फाटकाशी एखादं अनोळखी जोडपं उभं राहून पाणी कसं आहे असं विचारत असेल, तर कृपा करून त्यांना खरं सांगा.